भुकेनं मोजणारा मापाडी

मार्केट यार्डात मापाडी असतो. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा. दोघांच्या मध्ये उभा राहून काटा बघतो आणि वजन पुकारतो तो मापाडी. त्याचा शब्द दोघांनाही मानावा लागतो. मला ज्याची ओळख करून द्यायची आहे तोही मापाडीच. पण त्याच्यापाशी काटा नाही, वजनं नाहीत, बघायला डोळे नाहीत. भूक तेवढी आहे. तिच्याच जोरावर तो माणसाच्या रक्तातलं जीवनसत्त्व मोजतो.

राहायला बंगळुरूला. एका संशोधन प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत उणे ८० अंशांचा फ्रीझर आहे. त्यात कप्पे, कप्प्यांत खोके, खोक्यांत करंगळीएवढ्या कुप्या. अशा एका कुपीत ग्लिसरॉलची दुलई पांघरून तो झोपलेला असतो. महिनोन्महिने झोपतो. जागा झाला की पहिली चौकशी जेवणाची.

नाव लॅक्टोबॅसिलस केसाय. दुधाचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या भावकीतला, म्हणजे आपल्या विरजणातल्या मंडळींचा नातेवाईक. 'केसाय' हे नाव लॅटिनमधल्या चीजच्या शब्दावरून पडलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काडीसारखा दिसतो. ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेला, त्याचा जीव रमतो. बंगळुरूच्या ज्या गार हवेचं सगळे कौतुक करतात, ती त्याला सोसत नाही. डिसेंबरात तिथल्या घरांतलं दही लागता लागत नाही, तसंच ह्याचं. म्हणून त्याच्यासाठी इन्क्युबेटर रात्रंदिवस चालू.

नावाच्या बाबतीत त्यानं बरंच सोसलंय. वर्गीकरण करणाऱ्यांनी आधी 'केसाय'चा 'ऱ्हॅम्नोसस' केला. मग २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या २५ वाटण्या झाल्या, तेव्हा आडनावही बदलून लॅक्टिकेसिबॅसिलस झालं. कुपीवरच्या चिठ्ठीत नवं नाव लिहितात, तोंडी मात्र तो अजून केसायच. शहराचंही तसंच आहे. २०१४ पासून ते कागदोपत्री बंगळुरू झालं. पण पुण्याहून रात्री गाडीत बसणारा माणूस अजून "बँगलोरला चाललोय" असंच सांगतो. नाव बदललं तरी हाक जुनीच राहते, आणि हाक मारल्यावर वळून बघणाराही तोच असतो.

आता त्याचा मुख्य गुण. खरं तर उणीवच. त्याला फोलेट हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. झाडं फोलेट बनवतात, कित्येक जिवाणू स्वतःपुरतं बनवतात. ह्याच्या घरी ती विद्याच नाही. आणि फोलेट नसेल तर डीएनए लिहिता येत नाही, डीएनए नसेल तर एकाचे दोन होता येत नाही. माणसाची गतही अगदी हीच. आपल्यालाही फोलेट पालेभाज्यांतून, डाळींतून, बाहेरूनच आणावं लागतं. गरज सारखी असल्यामुळेच हा आपला हिशेब ठेवू शकतो.

त्याच्यासाठी जी पंगत मांडतात ती बघण्यासारखी असते. ग्लुकोज असतं, दुधाच्या प्रथिनाचे पचवलेले तुकडे असतात, क्षार, अमिनो आम्लं, ॲडेनिन, ग्वानिन, युरॅसिल, बायोटिन, थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, सगळं हारीनं वाढलेलं असतं. फोलेट तेवढं नसतं. नुसतं घातलेलं नसतं असं नाही. चुकून कणभर आलं असेल म्हणून ते प्रथिन आधी कोळशातून काढून घेतात. राजेशाही ताट, आणि एक वाटी रिकामी. त्या रिकाम्या वाटीत मग तुमच्या-माझ्या रक्ताचा अंश पडतो. त्यात फोलेट भरपूर असेल तर केसाय भरपूर वाढतो, थोडं असेल तर थोडा. किती वाढला यावरून वाटीत काय होतं ते कळतं.

हे किती बारीक काम आहे? रक्ताच्या एका मिलिलिटर द्रवात फोलेट असतं ते काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सोनाराच्या काट्याला जे दिसायचंही नाही, ते हा भुकेनं ओळखतो. आणि ते रक्तही त्याला तसंच देत नाहीत. कितीतरी पट पातळ करून देतात.

त्याची देखभाल करते ती बेळगावची एक ताई. शाळा मराठी, कॉलेज कानडी मुलखात. प्रयोगशाळेतली तरुण मुलं तिला अक्का म्हणतात. ९६ खळग्यांची प्लेट ती समोर घेते. पावाच्या स्लाइसपेक्षा थोडी मोठी, पारदर्शक, आठ ओळी, ओळीला बारा खळगे. खळग्याला ते 'वेल' म्हणतात. आठ तोंडांच्या पिपेटनं ती एका दमात आठ वेल भरते. पहिल्या काही वेलमध्ये फोलेटचं माप ठरवून दिलेलं असतं, शून्यापासून चढत्या पायऱ्यांचं. बाकीच्यांत माणसांचे नमुने, प्रत्येक नमुना एकाहून जास्त वेलमध्ये. शेवटी सगळ्यांत केसायचं विरजण. वर चिकटपट्टी दाबून बसवते आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवते. "आता दोन दिवस ह्याच्याकडं बघायचं नाही," ती म्हणते. "दार उघडून बघितलं की बिघडतंय बघा."

दोन दिवस म्हणजे साधारण ४५ तास. घाई त्याला चालत नाही, उशीरही चालत नाही. वेळ झाली की प्लेट बाहेर येते. ज्या वेलमध्ये तो पोटभर जेवला ती ताकाच्या निवळीसारखी गढूळ झालेली असते. ज्यात उपाशी राहिला ती स्वच्छ. प्लेट हलवून तळाशी बसलेली मंडळी वर आणायची, मग यंत्रात ठेवून प्रत्येक वेलमधून ५९० नॅनोमीटरचा पिवळसर प्रकाश सोडायचा. जितका गढूळपणा, तितका प्रकाश अडतो. ठरलेल्या मापाच्या वेलींवरून आलेख काढायचा आणि नमुन्यांचं माप त्यावरून वाचायचं. मापाड्यानं वजन पुकारलं.

केसायच्या आधी हे काम उंदीर करायचे. केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १९१२ मध्ये दाखवलं होतं की शुद्ध केलेलं प्रथिन, पिष्ट, चरबी आणि क्षार एवढंच दिलं तर उंदराची पिल्लं वाढत नाहीत. रोज थोडंसं दूध दिलं की वाढायला लागतात. दुधात काहीतरी असं आहे जे चिमूटभरच लागतं पण लागतंच, हे त्या वाढीनं सांगितलं. हॉपकिन्सना १९२९ मध्ये नोबेल मिळालं ते त्याबद्दलच. वाढ हीच साक्ष, ही रीत तेव्हापासूनची. पण उंदरांना आठवडे लागत, पिंजरे लागत, खुराक लागे.

याच हॉपकिन्स यांच्या केंब्रिजमध्ये पुढे आपल्या कमला भागवत गेल्या. लेखिका दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण, नंतरच्या कमला सोहोनी. त्याआधी १९३३ मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करायला आल्या होत्या. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला तेव्हा त्यांनी सत्याग्रहाची भाषा केली, अटी घालून का होईना प्रवेश मिळवला आणि तिथल्या श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केलं. बंगळुरूच्या कुठल्याही प्रयोगशाळेत एखादी मराठी मुलगी पिपेट धरून उभी दिसली की मला त्या आठवतात.

कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली त्याच १९३९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला एस्मंड स्नेल आणि फ्रँक स्ट्राँग या दोघांनी उंदराची जागा केसायला दिली. त्या वेळी मोजायचं होतं रायबोफ्लेविन. केसायला तेही बनवता येत नाही. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, पिंजऱ्याची जागा परीक्षानळीनं घेतली. एका उणिवेची इतकी चांगली नोकरी लागल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दोनच वर्षांनी टेक्सासमध्ये स्नेल, मिचेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक घेतला आणि त्यातून एक आम्ल वेगळं करत नेलं. चार टन! टप्प्याटप्प्यावर आपण बरोबर वाटेवर आहोत का, हे कोण सांगत होतं? केसायचाच एक भाऊबंद, स्ट्रेप्टोकॉकस. ज्या अर्कावर तो वाढला तो ठेवायचा, ज्यावर वाढला नाही तो टाकायचा. पानातून मिळालं म्हणून पानाच्या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं फॉलिक ॲसिड.

या आम्लाची पहिली हाक मात्र मुंबईतून आली होती. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणगावातल्या गरोदर बायका रक्त कमी होऊन दगावत होत्या. हाफकिन संस्थेत काम करताना तिला दिसलं की लोह देऊन न हटणारा हा पांडुरोग यीस्टच्या अर्कानं, मार्माइटनं, हटतो. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात काय आहे हे तिला सांगता येत नव्हतं; पुढची कितीतरी वर्षं लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. ते फोलेट होतं. परळ-लालबागच्या बायकांनी जो प्रश्न विचारला, त्याचं नाव टेक्सासच्या पालकात सापडलं.

मापाडी म्हटला की मिजास आलीच. केसायची मिजास स्वच्छतेची. काचेच्या भांड्याला साबणाचा अंश राहिला, पाण्यात काही उतरलं, हवेतून धूळ पडली, की त्याचं गणित चुकतं. फोलेट स्वतःही नाजूक. उजेडानं, उन्हानं, हवेनं विस्कटतं. म्हणून नमुन्यात क जीवनसत्त्व घालतात, ॲस्कॉर्बिक ॲसिड. ते पुढे होऊन हवेचा मार स्वतःवर घेतं आणि फोलेटला वाचवतं. एका जीवनसत्त्वानं दुसऱ्यासाठी ढाल व्हावं, असं सख्य प्रयोगशाळेत रोज बघायला मिळतं.

दुसरी सवय पोटात साठवून आणण्याची. लग्नाला निघताना काही पाहुणे घरून खाऊन निघतात, तसा हा जुन्या जेवणातलं फोलेट पोटात ठेवून येतो आणि मग रिकाम्या वाटीसमोरही वाढतो. असं झालं तर शून्याची वेलही गढुळते. म्हणून जुन्या रीतीत त्याला खारवलेल्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतात, किंवा आधीपासूनच मोजकं खायला घालून ठेवतात. मापाड्याचा काटा शून्यावर आणणं ते हेच.

रुसण्याचीही सवय आहे. ज्या रोग्यानं प्रतिजैविक घेतलंय त्याचं रक्त वाटीत पडलं तर केसाय वाढत नाही. फोलेट असून नाही म्हणतो, कारण ते औषध त्यालाच मारतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या रक्तावरही तेच. हे औषध फोलेटचं सोंग घेऊन पेशींची वाढ अडवतं. त्याचा थोरला भाऊ ॲमिनोप्टेरिन अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू माणसाच्या गटानं केला. फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवणारा गटही तोच.

रुसवा खरा की उपास खरा, हे ओळखायची अक्काची युक्ती साधी आहे. नमुना एकदा जेवढा पातळ केला त्याच्या दुप्पट पातळ करून पुन्हा द्यायचा. फोलेटच कमी असेल तर दुसऱ्या वेळी उत्तर बरोबर निम्मं येतं, दुप्पट केलं की पुन्हा तेच. आत विष असेल तर पातळ केल्यावर उत्तर उलट वर सरकतं, कारण विषही पातळ झालेलं असतं. "खोटं बोलणाऱ्याला दोनदा विचारायचं," अक्का म्हणते. "तेच उत्तर आलं तर खरं."

आता बहुतेक ठिकाणी केसायची अशी जात वापरतात जिला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक बाधत नाही. ते औषध मुद्दाम पंगतीतच घालतात. बाकी सगळे आगंतुक जिवाणू मरतात, हा एकटा जेवतो. त्यामुळे पूर्वीसारखी प्रत्येक गोष्ट निर्जंतुक करत बसावं लागत नाही.

केसायचे भाऊबंद वेगवेगळ्या चवीचे. फोलेट हा एक पदार्थ नाही, ते घराणं आहे. रक्तात त्यातलं सर्वांत जास्त असतं ते मिथिल जोडलेलं रूप. स्ट्रेप्टोकॉकसला ते रूप चालत नाही, समोर असून उपाशी राहतो. पेडिओकॉकस आणखी चोखंदळ. केसायला मात्र जवळजवळ सगळी रूपं चालतात. रक्तासाठी म्हणूनच त्याला बोलावतात. तांबड्या पेशींतलं फोलेट लांब शेपटीचं असतं, ते त्याला गिळता येत नाही. मग पेशी फोडून थोडा वेळ ठेवतात, रक्तातलंच एक विकर त्या शेपट्या कापतं, आणि घास तयार होतो.

बी-१२ मोजायला दुसरा भाऊ येतो, लॅक्टोबॅसिलस लाइखमनी. तिथलं माप आणखी बारीक, पिकोग्रॅमचं, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाचं. बी-१२ सापडलं तेही या भावकीमुळे. मेरी शॉर्ब या बाईंनी मेरीलँडमध्ये यकृताच्या अर्कावर वाढणारा एक लॅक्टोबॅसिलस ओळखला, आणि त्याच्या वाढीचा माग काढत १९४८ मध्ये मर्क कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी लाल स्फटिक हाती घेतले. एरवी यकृताचा प्रत्येक अर्क रक्तक्षयाच्या रोग्याला टोचून त्याचं रक्त सुधारतंय का याची वाट बघावी लागे.

हा लाइखमनी मनानं भोळा. खऱ्या बी-१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या कामाचं नसलेलं एक रूप आहे, त्याला छद्म बी-१२ म्हणता येईल. लाइखमनी तेही आनंदानं खातो. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत बहुतांशी हेच रूप असतं. त्यामुळे त्याच्या मापानं तिथं बी-१२ कित्येक पट जास्त दिसतं. शाकाहारी माणसानं डबीवरचा आकडा वाचून निश्चिंत होऊ नये, त्याचं कारण हा भोळेपणा. ज्याची भूक आपल्यापेक्षा मोकळी, त्याचं माप आपल्याला पुरं बसत नाही.

आता कोणी विचारेल, यंत्रं आली तरी हा म्हातारा कशाला? आजच्या बहुतेक दवाखान्यांत बी-१२ आणि फोलेट यंत्रावर मोजतात. नळी आत घातली की अर्ध्या-पाऊण तासात आकडा बाहेर. यंत्र एका प्रथिनानं फोलेटला पकडतं. पण घराण्यातल्या सगळ्यांना ते सारख्याच जोरानं पकडत नाही, आणि एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. केसाय सगळ्यांना खातो, आणि खाऊन वाढून दाखवतो. म्हणून लोकसंख्येची पाहणी करायची तर जागतिक आरोग्य संघटना अजून त्याचंच माप धरते.

त्याच्या मापाचा एक आकडा साऱ्या जगात चालतो: ९०६. डब्लिनमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हजारो गरोदर बायकांचं रक्त साठवलं होतं. ज्यांच्या बाळांच्या मज्जानलिकेत दोष राहिला आणि ज्यांच्या राहिला नाही, त्यांच्या तांबड्या पेशींतलं फोलेट तपासलं. १९९५ मध्ये निष्कर्ष आला: फोलेट जितकं जास्त, धोका तितका कमी, आणि लिटरला ९०६ नॅनोमोल गाठलं की धोका अगदी खाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी हीच रेषा आखली. बाळाची ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून माप आधी हवं.

केसायची साक्ष एका माणसानं स्वतःच्या अंगावरही घेतली. १९६१-६२ मध्ये बॉस्टनच्या व्हिक्टर हर्बर्ट या डॉक्टरनं फोलेट निघून जावं म्हणून तीन-तीनदा उकळलेलं अन्न साडेचार महिने खाल्लं. तिसऱ्याच आठवड्यात केसायनं सांगितलं, रक्तातलं फोलेट उतरलं. रक्तक्षय व्हायला मात्र १९ आठवडे लागले. म्हणजे शरीर कुरकुर करायच्या चार महिने आधी याला कळलेलं असतं.

आपल्याकडे त्याची सर्वांत मोठी साक्ष पुण्याची. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास मांडला आणि मुलं मोठी होईतो सोडला नाही. त्या बायकांचं फोलेट आणि बी-१२ मोजलं ते याच भावकीनं. फोलेट कमी निघालं फक्त एका बाईत. बी-१२ कमी निघालं दोन तृतीयांश बायकांत. आणि ज्यांचं फोलेट चढलेलं पण बी-१२ उतरलेलं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. दूध थोडं, मांस-अंडी नाहीत, अशा ताटावर वाढलेल्या घरांसाठी हा इशारा आहे.

इथं केसायची एक मर्यादाही कळते. बी-१२ नसेल तर शरीरातलं फोलेट मिथिल रूपात अडकून पडतं, रक्तात असतं पण कामाला येत नाही. केसायला ते खाता येतं, म्हणून तो 'भरपूर' म्हणतो. माणूस मात्र त्याच फोलेटपाशी उपाशी असतो. एका मापाड्याच्या आकड्यावर सौदा करू नये. दोघा भावांना एकत्र विचारावं, हे पुण्यानं शिकवलं.

बंगळुरूतही ही चिंता जुनीच आहे. तिथल्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेच्या गटानं ३६६ गरोदर बायकांवर चाचणी घेतली. निम्म्यांना बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रोज ५० मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: आईच्या रक्तातलं, तिच्या दुधातलं आणि बाळाचंही बी-१२ वाढलं. देशभरचं चित्र २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींत ३७ टक्क्यांना फोलेट कमी, ३१ टक्क्यांना बी-१२ कमी. इतक्या मोठ्या देशाची रिकामी वाटी भरायची तर ती किती रिकामी आहे हे नेमकं कळायला हवं.

काम संपलं की केसायचं पुढं काय होतं, हेही सांगतो. प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते. वाफ, दाब, १२१ अंश. ज्यानं दोन दिवस वाढून साक्ष दिली तो पंधरा-वीस मिनिटांत संपतो. फ्रीझरमध्ये त्याच्या कुप्या शिल्लक असतात, सगळ्या एकाच वाणाच्या. पुढच्या वेळी त्यांतली एक जागी होते.

मी बघितली त्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरून अक्का उभी होती. वेली दुधाळ, फिकट, आणखी फिकट. घरात आपण स्वच्छ पाणी बघून समाधान मानतो. तिथं उलट. एका ओळीत चार वेली पार नितळ होत्या, पलीकडची बोटं दिसत होती. अक्कानं दुप्पट पातळ केलेल्या त्याच नमुन्याच्या वेली बघितल्या. त्याही नितळ. रुसवा नव्हता, उपास खरा होता. नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो. वय तेवढं लिहिलेलं होतं, १९.

"हिला गोळी पोचवायला पाहिजे आधी," अक्का म्हणाली आणि प्लेट खाली ठेवायच्या आत तिनं तो आकडा वहीत लिहून घेतला.